शांततेची सोय

‘आलम आरा’चं बरंचसं चित्रीकरण रात्री झालं. मुंबईतला तो स्टुडिओ रेल्वेच्या रुळांलगत होता, दिवसभर गाड्यांची ये-जा चाले आणि बाहेरचा आवाज अडवतील अशा भिंती त्याला नव्हत्या. दिग्दर्शक अर्देशिर इराणी यांनी मग कामाची वेळच बदलली. गाड्या थांबल्या की, म्हणजे मध्यरात्र उलटल्यावर, नट-नट्या उभ्या राहत. माइक कॅमेऱ्याच्या नजरेआड कुठेतरी दडवलेले असत आणि ध्वनिमुद्रणाच्या कामात खुद्द इराणी लक्ष घालत. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात हा पहिला भारतीय बोलपट लागला. त्यात आवाजाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा ठरलेला निर्णय यंत्राचा नव्हता, तो वेळापत्रकाचा होता.

साउंड आणि प्रॉडक्शन ही दोन खाती या पुस्तकात एकत्र का आणली, याचं उत्तर त्या वेळापत्रकात आहे. एरवी ती वेगवेगळी शिकवली जातात. साउंडवाला म्हणजे हेडफोन लावलेला तंत्रज्ञ आणि प्रॉडक्शनवाला म्हणजे गाड्या, जेवण, परवानग्या आणि पैसे बघणारा, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. इतकी वर्षं सेटवर काढल्यावर माझी खात्री झाली आहे की ही वाटणी खोटी आहे. नटाच्या तोंडचं वाक्य स्वच्छ मिळतं की नाही, हे माइकच्या किमतीवर थोडं आणि त्या दिवशी कुणी कुठली सोय आधीच करून ठेवली होती यावर फार ठरतं. शांतता सेटवर आपोआप नसते. ती कुणीतरी आणावी लागते, आणि आणणारा माणूस बहुतेक वेळा प्रॉडक्शनचा असतो.

मराठी माणसाला हे नवं वाटू नये, कारण आपल्या चित्रपटाची सुरुवातच अशा माणसांनी केली. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हटलं की दादासाहेब फाळके आठवतात, ते योग्यच आहे. पण दादरच्या त्या घरात सगळ्या चमूचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत होत्या, आणि दिवसाचं काम संपल्यावर कच्च्या फिल्मला भोकं पाडण्याचं, रसायनं कालवण्याचं, फिल्म धुण्याचं कामही त्याच करत होत्या. उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवायला उभ्या राहणाऱ्याही त्याच. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन, लॅब आणि लाइट अशी तीन खाती एका बाईने सांभाळली. १९१३ च्या त्या चित्रपटाच्या श्रेयात त्यांची जागा किती मोठी असायला हवी होती, हा प्रश्न मला अजूनही स्वस्थ बसू देत नाही.

दुसरं नाव विष्णुपंत दामले यांचं. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस मूळचा रंगकाम आणि यंत्रं यांत रमणारा. कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ उभी राहिली आणि बोलपट आला, तेव्हा दामल्यांनी ध्वनिमुद्रणाची जबाबदारी उचलली. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ त्यातून घडला. पुढच्याच वर्षी कंपनी पुण्याला गेली. १९३६ मध्ये याच ध्वनिमुद्रकाने कलादिग्दर्शक फत्तेलाल यांच्या जोडीने ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला आणि तो १९३७ च्या व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. ‘संत तुकाराम’मधली गाणी पुन्हा ऐकून पाहा. ती गाणी म्हणून सुरू होत नाहीत, बोलता बोलता लागतात. सेटवरचा आवाज रोज कानांत घेणाऱ्या माणसाचं ते दिग्दर्शन आहे, असं मला नेहमी वाटत आलं आहे. त्याच प्रभातच्या ‘कुंकू’त (१९३७) व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत बाजूला ठेवलं आणि प्रसंगातल्याच आवाजांवर चित्रपट पेलला. ध्वनी हे कथा सांगण्याचं साधन आहे, हे आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वी पुण्यात सिद्ध झालं होतं. १९६० साली प्रभातच्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे शिकलेल्या रसूल पुकुट्टी यांना २००९ मध्ये ‘स्लमडॉग मिलेनियर’च्या ध्वनिमिश्रणासाठी इयन टॅप आणि रिचर्ड प्राइक यांच्यासह ऑस्कर मिळालं, तेव्हा बातम्यांमध्ये सगळं होतं, दामल्यांचं नाव मात्र मला कुठे दिसलं नाही.

मधल्या काळात काय झालं, तेही नव्या मुलांना माहीत हवं. बाहेर, खऱ्या जागी जाऊन चित्रीकरण वाढलं, वजनाला हलके पण खडखडाट करणारे कॅमेरे आले, आणि सेटवरचा आवाज ‘पायलट’ म्हणून, म्हणजे नुसता संदर्भापुरता घ्यायची पद्धत पडली. नट नंतर डबिंग थिएटरमध्ये येऊन स्वतःच्याच ओठांवर वाक्यं बसवायचे. चांगले डबिंग करणारे कलाकार होते, ते काम सोपं नाही, आणि राजकमल कलामंदिरमध्ये मंगेश देसाई यांच्यासारख्या मिश्रणकाराने त्या पद्धतीतूनही जे काही घडवलं, ते ‘शोले’ ऐकणाऱ्या कुणालाही कळेल. पण या पद्धतीचा एक परिणाम खोलवर झाला. सेटवर शांत राहण्याची गरजच संपली. मागे हातोडी चालू, शेजारी मोबाइल चालू, दिग्दर्शक टेक चालू असतानाच ओरडून सूचना देतोय, कुणाला काही वाटत नसे. दोन-तीन पिढ्या अशा सेटवर वाढल्या. २००० साली कच्छमध्ये भुजजवळ ‘लगान’ सिंक साउंडमध्ये, म्हणजे सेटवरचाच आवाज अंतिम धरून, चित्रित झाला. नकुल कामटे तिथे ध्वनिमुद्रण करत होते आणि पुढे त्या चित्रपटाला ध्वनीचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण एका गावात, एका सलग वेळापत्रकात, गर्दीच्या प्रसंगांसह हे साधायचं तर प्रॉडक्शनचं गणित किती घट्ट असावं लागलं असेल, याचा विचार साउंडच्या विद्यार्थ्याने जरूर करावा.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो, कारण मुलं मला विचारतात ती याच्याविषयी, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो: कुठला माइक घेऊ?

आधी जागा ऐका. पाहणीला, म्हणजे रेकीला, दिग्दर्शक आणि छायाचित्रकार खिडकीतून येणारा उजेड बघतात. त्यांच्यासोबत एखादा कान गेला पाहिजे आणि तो त्याच वेळी गेला पाहिजे ज्या वेळी चित्रीकरण होणार आहे. सकाळी अकराला शांत वाटलेल्या वाड्याशेजारी संध्याकाळी पाचला शाळा सुटते. पुण्यात जूनमध्ये ठरवलेल्या जागेवर जुलै-ऑगस्टमध्ये पोहोचाल, तर ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झालेला असतो आणि गणपती बसेपर्यंत त्या पट्ट्यात संध्याकाळचा संवाद विसरायचा. कोकणात पावसाच्या तोंडावर किरकिऱ्यांचा आवाज असा लागतो की तो कुठल्या दिशेने येतोय तेही सांगता येत नाही. पत्र्याच्या छपराखाली पाऊस पकडला तर नटाचे ओठ हलतात आणि हेडफोनमध्ये नुसता ताशा ऐकू येतो. छपरावर आधी काथ्या किंवा पोती अंथरून घेतली तर बराच फरक पडतो, पण ती पोती आदल्या दिवशी मागवावी लागतात, आणि मागवणारा प्रॉडक्शनचा माणूस साउंडवाल्याशी बोललेला असावा लागतो.

जनरेटरची गाडी कुठे उभी करायची, हा असाच प्रश्न. गाडी जवळ असली तर केबल कमी लागते, लाइटवाल्यांचे कष्ट वाचतात. घराच्या कोपऱ्यापलीकडे, वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला नेली तर संवाद वाचतो. ही गाडी पहाटे एकदा लागली की दिवसभर हलत नाही. त्यामुळे साउंड रेकॉर्डिस्ट सात वाजता सेटवर येऊन तक्रार करू लागला, तर ती वेळ गेलेली असते. त्याने आदल्या संध्याकाळी प्रॉडक्शन मॅनेजरला फोन करायला हवा होता.

घरात चित्रीकरण असेल तर फ्रिज बंद करावा लागतो. आमच्या धंद्यात एक जुनी सवय आहे: फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली त्याच्यात ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, म्हणून फ्रिज पुन्हा चालू करायचं विसरत नाही. घरमालकाचं दूध नासलं तर त्या गल्लीत पुढचं युनिट पाय ठेवू शकत नाही. हा शिष्टाचार मी प्रॉडक्शनच्या आणि साउंडच्या दोन्ही प्रकरणांत मुद्दाम ठेवायला सांगितला.

कपडेपटाशी मैत्री हवी. छातीवर कपड्याआड लावायचा बारीक माइक म्हणजे लेपल. नऊवारीच्या निऱ्या, रेशमाची सळसळ, मंगळसूत्राच्या वाट्या लेपलवर आपटल्याचा टकटकाट, हातभर बांगड्या, कोरी कोल्हापुरी चप्पल: यातलं प्रत्येक संवादाच्या आड येऊ शकतं. यावर उपाय आहेत. वाटीच्या मागे मायक्रोपोर टेपचा तुकडा, चपलेच्या तळाला फेल्ट, पाय फ्रेममध्ये नसतील तर खाली सतरंजी. पण बाईंच्या अंगावर माइक लावण्याआधी त्यांना विचारणं, कसा आणि कुठे लावणार ते सांगणं, शक्य असेल तिथे ते काम स्त्री सहायकाकडे देणं, हे तंत्राच्याही आधीचं आहे. जिथे हे पाळलं जात नाही असे सेट मी पाहिले आहेत. तिथे कलाकार आखडतात आणि ते आखडणं आवाजात उतरतं.

बूम धरणाऱ्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सेटवर सगळ्यात कमी समजलं गेलेलं काम तेच आहे. माइक तोंडापासून दुप्पट लांब गेला की मोकळ्या जागेत आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. भोवतालचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. म्हणजे हातभर अंतराने संवाद टिकतो किंवा हातचा जातो. बूमवाल्याला नटाची वाक्यं नटाइतकीच पाठ असावी लागतात, कारण दुसऱ्याने बोलायला तोंड उघडण्याआधी माइक त्याच्याकडे वळलेला हवा. त्याला लेन्स कळावी लागते, म्हणजे फ्रेमची वरची कड हवेत कुठे आहे ते न बघता समजतं. त्याला लाइट कळावा लागतो, नाहीतर सावली भिंतीवर पडते. आणि हे सगळं हात डोक्यावर ताणून, श्वासाचा आवाज न करता, तीन-तीन मिनिटांच्या टेकमध्ये. अंतराचं आणखी एक गणित असं: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो. माइक चौदा मीटरवर असेल तर आवाज एक चौकट उशिरा पोहोचतो. मैदानातला लांबचा शॉट लांबूनच मुद्रित केला की ओठ आणि शब्द यांत ती बारीक फट येते आणि प्रेक्षकाला कशाने तरी खटकत राहतं. आठ-दहा वर्षं बूम केलेला माणूस पुढे रेकॉर्डिस्ट झाला की त्याचं काम ऐकताच ओळखू येतं. म्हणून जो मुलगा किंवा मुलगी थेट मिक्सरवर बसायची घाई करते, तिला मी बूमकडे पाठवतो.

टेक झाल्यावर साउंडवाला अर्धा मिनिट मागतो. कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, त्या खोलीची नुसती शांतता मुद्रित करायची. तिला रूम टोन म्हणतात. संकलनात दोन वाक्यांमधली फट भरायला ती लागते, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. दिवसाच्या शेवटी साठ-सत्तर दमलेल्या माणसांना अर्धा मिनिट उभं ठेवणं रेकॉर्डिस्टच्या एकट्याच्या हातात नाही. पहिला सहायक दिग्दर्शक आणि प्रॉडक्शनची माणसं त्याच्या बाजूने असतील तरच ते मिळतं.

चित्रीकरणानंतरच्या कामांची ओळख पुढच्या प्रकरणांत नीट आली आहे. संवादांचं संकलन, राहिलेल्या वाक्यांचं डबिंग, पावलं-भांडी-कपडे यांचे आवाज स्टुडिओत चित्राकडे बघत नव्याने करणारे फोली कलाकार, भोवतालाचा थर, संगीत आणि शेवटी मिश्रण. एवढंच सांगतो की दुसऱ्या भाषेत डब होणाऱ्या मालिका आणि चित्रपट वाढल्यामुळे फोलीचं काम वाढलं आहे. मूळ संवाद काढला की त्याच्याबरोबर पावलंही जातात, ती पुन्हा घालावी लागतात. आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल मुलं उत्साहाने बोलतात. ती खरोखर उपयोगाची आहेत. पंख्याची घरघर त्यांनी निघते, पण त्याबरोबर कुजबुजीतला श्वासही थोडा निघतो, आणि अभिनय पुष्कळदा त्या श्वासात असतो. ‘फँड्री’च्या शेवटाकडे डुक्कर पकडता पकडता शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि नायकाचं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. लांबून येणारा तो आवाज किती लांबून यावा, हे कुठल्याही सॉफ्टवेअरने ठरवलेलं नाही.

प्रॉडक्शनमध्ये येऊ इच्छिणाऱ्यांसाठी या पुस्तकात कॉल शीट, परवानग्या, वाहतूक, हिशेब अशी प्रकरणं आहेत. ती कोरडी वाटतील, तरी वाचा. वाई आणि मेणवलीचा परिसर बघा. ‘स्वदेस’सारखे मोठे चित्रपट तिथे झाले, मराठी आणि हिंदीची युनिटं सतत येत राहिली, आणि गाड्या, खोल्या, जेवण, गर्दीतली माणसं, घाटावरच्या परवानग्या सांभाळणारी स्थानिक मंडळी त्यातून तयार झाली. मुंबईत न राहता या धंद्यात पोट भरता येतं, याचं वाईइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. कोल्हापूरच्या चित्रनगरीभोवतीही असं मनुष्यबळ आहे. गावातल्या कुठल्या दिवशी बाजार, कुठल्या दिवशी जत्रा, कुणाचा भोंगा किती वाजता आणि कुणाला भेटून विनंती केली तर तो दहा मिनिटं पुढे सरकेल, ही माहिती ज्याच्याकडे आहे तो लोकेशन मॅनेजर साउंडसाठी महागड्या माइकपेक्षा मोलाचा.

पैशांविषयी स्पष्ट बोललं पाहिजे, कारण प्रस्तावनांमध्ये ते टाळलं जातं. हे काम बहुतांशी दिवसाच्या हिशेबावर चालतं. काम नसलेले महिने असतात. मालिकांच्या सेटवर बारा तासांची शिफ्ट ठरते आणि ती बारा तासांत संपतेच असं नाही. पैसे बिल दिल्यावर काही महिन्यांनी येतात. माझे स्वतःचे पैसे बुडालेले आहेत, आणि दरवेळी एकच गोष्ट समान होती: कागदावर काही नव्हतं. म्हणून होकार देण्याआधी साध्या मराठीत का होईना, लिहून घ्या. दिवस किती तासांचा, त्यापुढे काय दर, प्रवासाचा दिवस धरणार का, स्वतःचं किट नेलं तर त्याचं भाडं वेगळं का, पावसात ते खराब झालं तर भरपाई कुणाची, आणि पैसे कुठल्या तारखेपर्यंत. साउंडच्या माणसांची मुंबईत संघटना आहे, तिचं सभासदत्व घ्या. किटवर कर्ज काढायची घाई करू नका. भाड्याने सगळं मिळतं, आणि कुठलं यंत्र आपल्याला खरंच लागतं ते वर्षभर भाड्याने वापरल्याशिवाय कळत नाही. कान मात्र भाड्याने मिळत नाहीत. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानतात, आणि त्यावर दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. मिरवणुकीचं चित्रीकरण करताना हेडफोनचा आवाज वाढवत नेऊ नका.

श्रेयाचं म्हणाल तर ते उशिरा येतं, पण येतं. राष्ट्रीय पुरस्कारांत ध्वनीसाठीचा सन्मान १९७६ च्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि २००९ पासून २०२१ पर्यंतच्या पुरस्कारांत त्याचे तीन भाग होते: लोकेशनवरचं मुद्रण, ध्वनिरचना आणि अंतिम मिश्रण. लोकेशनवर दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला वेगळं नाव मिळालं ते असं. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या पुरस्कारांत ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ या आसामी चित्रपटासाठी मल्लिका दास यांना तो मिळाला. मोठं युनिट नाही, स्टुडिओ नाही, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातलं गाव आणि तिथली मुलं. हा चित्रपट साउंडसाठी एकदा डोळे मिटून ऐकावा.

ज्यांना पुण्याच्या किंवा कोलकात्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मिळेल त्यांनी तो जरूर घ्यावा. तिथला खरा लाभ म्हणजे तीन वर्षं आपल्या कामावर बोलणारी माणसं भोवती असतात. ज्यांना मिळणार नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात एक दार पूर्वीपासून उघडं आहे आणि ते म्हणजे नाटकाचं बॅकस्टेज. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकापासून राज्य नाट्य स्पर्धेपर्यंत, दरवर्षी शेकडो मुलं-मुली विंगेत उभ्या राहून संगीत सोडतात, प्रॉपर्टी लावतात, टेम्पो ठरवतात, दिलेल्या वेळात सेट उभा करतात आणि तितक्याच वेळात उतरवतात. क्यू चुकला तर शंभर माणसांसमोर चुकतो. या कामाला आपल्याकडे हौस समजलं जातं. ते प्रशिक्षण आहे, आणि मराठी सेटवर मला भेटलेली उत्तम प्रॉडक्शनची माणसं बहुतेक तिथूनच आलेली आहेत. सांगली, नांदेड, अकोला, कुठेही असा, जवळच्या महाविद्यालयात पावसाळ्यात एकांकिकेच्या तालमी सुरू होतात. तिथे जा आणि साउंडच्या टेबलाशेजारची जागा मागा. जागा भरलेली असेल तर टेम्पो ठरवायचं काम मागा.